तरसखिंडीच्या खांबापाशी पडलेले दगड

मी बेचाळीस वर्षं गाढवं हाकली. खाली येताना लोकर. वर जाताना मक्याचं पीठ, रॉकेल, साबण, शिवाय कोणाच्या तरी सुनेने मागवलेला आरसा. त्यातला एकही आरसा न तडकता पोचला नाही. पण आरशांचं सांगायला बसलो तर मालेफाने राहून जाईल, आणि तो आधीच सगळ्यांच्या बोलण्यातून राहून गेलेला माणूस आहे.

तरसखिंडीत तरस आता नाही. माझे आजोबा पाहिलं म्हणत, पण आजोबांनी पाहिलेल्यातलं निम्मं झोपेत पाहिलेलं असे. खिंडीतून दोन वाटा जातात. खालची वाट कड्याला धरून सरळ पलीकडे उतरते. वरची वाट उगाचच दोनशे पावलं चढते आणि पुन्हा खाली येते. तरी आम्ही सगळे वरच्याच वाटेने जायचो, कारण दगडांची रास तिथे होती. चढताना एक दगड उचलायचा, त्यावर थुंकायचं आणि राशीवर टाकायचा. म्हणजे जिथे निघालो तिथलं भांडं चुलीवरून उतरायच्या आत माणूस पोचतो. मी दगड टाकल्याशिवाय कधी गेलो नाही आणि उपाशी कधी झोपलो नाही. एकदाच झोपलो, पण त्या दिवशी सासुरवाडीला गेलो होतो. तिथे दगडाचं काही चालत नाही.

मग मोजणी खात्याने खिंडीत खांब उभारायचं ठरवलं. काम घेतलेली माणसं खालच्या सपाटीवरची होती आणि हिवाळा तोंडावर आला होता. त्यांना वर आयता दगडांचा ढीग दिसला. निम्मा त्यांनी खांबाच्या पायात घातला, निम्मा राखणदाराच्या झोपडीच्या भिंतींत, आणि बर्फ पडायच्या आत निघून गेली. त्यांच्यात डोंगरातला एक जरी माणूस असता तर बाकीच्यांना त्याने तिथेच झोडपलं असतं.

वसंतात मी लोकर घेऊन वर आलो तो हातात थुंकलेला दगड आणि समोर रास नाही. छातीएवढा सिमेंटचा गोल खांब, त्याच्या डोक्यावर उपड्या वाडग्यासारखी पांढरी टोपी, आणि बाजूला अर्धी जमिनीत पुरलेली झोपडी. झोपडीच्या दारात तपकिरी घोंगडं पांघरलेला एक उंच, वाकलेला माणूस, खांबाचा राखणदार. तोच मालेफाने.

"रास कुठे गेली?" मी ओरडलो.

"कुठेही गेली नाही, न्ताते. निम्मी या खांबाखाली आहे, निम्मी माझ्या भिंतीत."

"मग हा दगड काय तुझ्या भिंतीवर टाकू?"

"भिंतीवर नको, छपराला लागेल," तो म्हणाला. "कुळ कोणतं आपलं?"

"मगर."

"इतक्या वर मगर? इथे बेडूक भिजेल एवढं पाणी नाही."

"आणि तू?"

"सिंह."

"मग गवत कसं लागतं इथलं?"

तो हसला. हसताना त्याने तोंडावर हात धरला, सवय मोडलेली असावी तसा. मी दगड खांबाच्या पायाशी टाकला. माझ्या राशीचे दगड जिथे गेले तिथेच माझा दगड गेला पाहिजे, एवढाच माझा विचार. त्या खांबापाशी पडलेला पहिला दगड माझा. हे मी आजवर कोणाला फारसं सांगितलेलं नाही.

तेव्हापासून परक्याला म्हणतात ते 'न्ताते', म्हणजे बाबा, सोडून तो मला मोकुएना, मगरवाला, म्हणू लागला आणि मी त्याला मोताउंग, सिंहवाला; आमच्यात कुळाच्या नावाने हाक मारली की माणूस लगेच जवळचा होतो. खांब काय करतो, हे त्यानेच मला सांगितलं. आभाळात उपग्रह फिरतात आणि सारखी हाक देतात. खाली एखादा मोजणीदार यंत्र धरून शेताची हद्द नाहीतर धरणाची भिंत मोजत असतो, तेव्हा त्या हाकेवरून त्याला आपली जागा कळते. पण आभाळ थोडं खोटं बोलतं. तेच खोटं ते खांबालाही सांगतं. खांब मात्र रोवलेला, त्याची जागा आधीच पक्की ठाऊक. म्हणून आज आभाळ किती खोटं बोललं ते खांबाला कळतं, आणि तो ते राजधानीला, मासेरूच्या कचेरीला कळवत राहतो. देशभर असे खांब आहेत. काही दवाखान्यांच्या छपरांवर आहेत, काही शाळांच्या आवारात. डोंगरावर एकटा असा हाच.

"म्हणजे एका जागी न हलता उभं राहायचं, एवढंच काम?" मी विचारलं.

"एवढंच."

"मग आमच्या गावच्या मुखियालाही हे काम जमेल. तो आत्ताही तेच करतोय."

मालेफानेला उभं राहण्याचं काम नवं नव्हतं. तरुणपणी तो मोजणीदारांची तांबडी-पांढरी काठी धरायचा. साहेब इकडच्या डोंगरावर दुर्बिणीला डोळा लावून, आणि मालेफाने तिकडच्या डोंगरावर काठी सरळ धरून. सव्वीस वर्षं. देशातलं प्रत्येक शिखर त्याला ठाऊक, आणि प्रत्येक शिखरावर तो एकटाच; दुसरा माणूस कायम समोरच्या डोंगरावर. एकदा ढग उतरले म्हणून साहेब तंबूत गेला आणि त्याचा डोळा लागला. ढग कधीच निघून गेले. दिवस कलल्यावर साहेब बाहेर येऊन बघतो तर समोर काठी तशीच सरळ. त्याने शिट्टी वाजवली तेव्हा कुठे हा खाली आला. "अरे, आधीच का नाही आलास?" तर म्हणे, "शिट्टी झाली नव्हती."

त्याची बायको, मे मापुलेंग (बाईमाणसाला आम्ही आदराने 'मे' म्हणतो), लवकर गेली. मुलगी पुलेंग मासेरूला कपड्यांच्या कारखान्यात. दर रविवारी तिचा फोन येई. "बाबा, जेवलात?" "जेवलो." "थंडी?" "आहे." मग दोघंही काही वेळ फोन कानाला धरून गप्प. बापलेक दोघंही अबोल. माझ्यासारखा एखादा मध्ये बसवायला हवा होता.

सकाळी उठून तो मऊ फडक्याने पांढरी टोपी पुसायचा, बर्फ असलं तर हाताने काढायचा, सौर पॅनेलांवरची धूळ झाडायचा. झोपडीतल्या पेटीत चार हिरवे दिवे लागलेत का ते बघायचं, बॅटऱ्या बघायच्या, आणि वहीत लिहायचं. वहीत शेवटचा रकाना होता: खांबाच्या आसपास नवीन काही? त्यात तो लिहायचा, "काही नाही." हे सगळं उरकायला अर्धा तास. पुढचा दिवस मोकळा. आणि त्या खिंडीतला दिवस, मी सांगतो, खालच्या तीन दिवसांएवढा असतो.

म्हणून त्याला दगड हवे असत. माझं बघून दुसऱ्याने टाकला, त्याचं बघून तिसऱ्याने. वरच्या वाटेने येणारा प्रत्येक जण खांबापाशी थांबायचा, धाप घालवायचा, आणि मालेफाने चहा पुढे करायचा. तेवढ्यात बोलणं व्हायचं. मी एकदा तिथे बसलो असताना कोंबडी काखेत धरून एक बाई आली.

"न्ताते, हा खांब खरंच आभाळाशी बोलतो?"

"ऐकतो, मे."

"मग माझ्या नवऱ्याचं विचारा की. खाणीत गेलाय, तीन नाताळ झाले, आला नाही."

"खांबाला फक्त स्वतःचा ठावठिकाणा माहीत असतो."

"मग नवऱ्यापेक्षा बराच म्हणायचा. त्याला तेवढंही माहीत नसतं!"

बाई हसली, कोंबडी ओरडली, मालेफानेने तोंडावर हात धरला. ती गेल्यावर तो बराच वेळ वाटेकडे बघत होता. ते हसू त्याने पुढे कित्येक दिवस पुरवून खाल्लं असणार. कारण पुढच्या खेपेला त्यानेच मला ती गोष्ट सांगितली, जणू मी तिथे नव्हतोच. मी गप्प ऐकून घेतलं. माझ्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालंय.

चौथ्या वर्षी मी नेहमीपेक्षा लवकर निघालो होतो. ओढ्यापाशी बघतो तर मालेफाने पाण्याकाठी वाकलेला आणि पाठीवर लोकरीचं जुनं पोतं.

"मोताउंग, मासे धरतोस की काय?"

तो दचकला. पोत्यात दगड होते. मुठीत मावतील असे गुळगुळीत दगड, निवडून घेतलेले. मला काही कळेना. मग तो हळूच म्हणाला, "वर सुटे दगड संपलेत रे. खिंड नुसता उघडा कातळ आहे. परवा दोघं जण आले, इकडेतिकडे बघितलं, दगड मिळेना, तर खालच्या वाटेने निघून गेले. थांबलेच नाहीत."

"मग?"

"मग मी वाट फुटते तिथे आधीच ठेवून देतो. येणाऱ्याला शोधावं लागत नाही."

ओढ्यापासून खिंडीपर्यंत चढ केवढा! माझी गाढवंसुद्धा मध्ये दोनदा बसायची. मी त्याला वेडा म्हणालो, आणि त्याचं पोतं माझ्या म्हाताऱ्या गाढविणीवर टाकलं. म्हणजे पुढच्या गोष्टीत माझाही हात आहे. पहिला दगड माझा, आणि पोत्यांपैकी एक तरी माझ्या गाढविणीने वाहिलेलं.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या आधी कचेरीतून फोन यायला लागले. मी एकदा शेजारीच बसलो होतो. मे लिनेओ नावाची बाई होती, सगळ्या खांबांचा हिशेबबिशेब बघणारी. आवाज तरुण.

"न्ताते मालेफाने, तुमचा डोंगर वाढतोय."

"डोंगर?"

"खांब वर चाललाय. अकरा मिलिमीटर. मक्याच्या दाण्याएवढा. आणि कधीकधी चुटकीसरशी खाली येतो. डोंगर असं करत नाहीत. जवळ काही नवीन बांधलंय का? पत्रा? कुंपण?"

मालेफाने खांबाकडे बघत होता. रास आता पांढऱ्या टोपीच्या कडेला टेकली होती, एका अंगाला तर टोपीच्याही वर. "काही नाही," तो म्हणाला.

"घरटं वगैरे?"

"काही नाही, मे."

"बघा हं. हिवाळ्यापर्यंत आकडे सुधारले नाहीत तर हा खांब यादीतून काढतील. खाली खोऱ्यात दवाखान्याच्या छपरावर दुसरा बसवायचं चाललंय. मला हा ठेवायचाय. डोंगरात दुसरा नाही आपल्याकडे."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "दगडांमुळे होतंय का?"

"दगडांमुळेच. आभाळाची हाक सरळही येते आणि दगडांवर आपटूनही येते. दोन म्हातारे एकदम एकच गोष्ट सांगायला लागले की ऐकणाऱ्याचं जे होतं, ते."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"सव्वीस वर्षं मोजणीत होतो, मोकुएना."

रास ठेवली तर खांब जाणार आणि त्याच्याबरोबर तोही खाली जाणार, लेकीच्या एका खोलीत. रास काढली तर खांब राहणार, पण माणसं? हे त्याला माझ्यापेक्षा आधी कळलेलं होतं, आणि तरी तो रोज वहीत तेच दोन शब्द लिहीत होता.

मे महिन्यात, आमचा हिवाळा सुरू होतो आणि गवतावर पहिले हिमकण दिसायला लागतात तेव्हा, लिनेओ स्वतःच आली. कोणाला न कळवता. गाडी खाली ठेवून पायी चढली. मी गाढवं सोडून मालेफानेजवळ बसलो होतो, आम्हाला ती वळणावर दिसली. पाठीवर पिशवी, खांद्यावर निळं घोंगडं, धापा टाकत. वाट फुटते तिथे ती थांबली, मालेफानेने ठेवलेल्यातला एक दगड उचलला, त्यावर थुंकली आणि वर यायला लागली. शिकलेली बाई, पण वाढलेली डोंगरातच. आजीने शिकवलेलं हात विसरत नाही.

ती राशीपाशी आली, हात वर केला, आणि तसाच राहिला. दगडांच्या मधून तिला तिच्या खांबाची पांढरी टोपी दिसली.

माझं एक गाढव शिंकलं.

"न्ताते," ती म्हणाली, "हा माझा खांब आहे."

"आहे, मे."

"चार वर्षं तुम्ही 'काही नाही' लिहिताय."

"लिहितोय खरं."

"का?"

मला राहवेना. "मे, पहिला दगड माझा," मी म्हणालो. "आमची रास तुमच्याच माणसांनी सिमेंटमध्ये घातली. आम्ही दगड घेऊन कुठे जायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या हातातल्या दगडाकडे. ओला दगड वाटेत टाकून देता येत नाही, आणि राशीवर ठेवायला तिचा हात होईना. "आता मी याचं काय करू?" असं ती म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात कचेरी उरली नव्हती. मालेफाने पुढे झाला आणि त्याने तिच्या हातून दगड घेतला, आपल्या घोंगड्यात धरला.

चहा झाला. ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पन्नास पावलांच्या आत गुडघ्याहून उंच काही नको, हे तिने सांगितलं. म्हणूनच झोपडीसुद्धा निम्मी जमिनीत. मी म्हणालो, झोपडीच्या पाठीमागे रास करू. ती उठली, मागे जाऊन आली. "मागे तीस पावलांवर कडा आहे, न्ताते." बाकी तिन्ही अंगांना उतरता कातळ, दगड ठेवला की घरंगळणार. सपाट जागा एकच, खालच्या वाटेच्या वळणावर.

"कामगार पाठवते," ती म्हणाली.

"नको," मालेफाने म्हणाला. "ते ढकलून देतील. एकेक दगड एकेकाचा आहे."

"किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे."

ती जाताना त्याच्यापाशी थांबली. "तुम्ही मला फोनवर सांगितलं असतंत तर," एवढं म्हणाली आणि थांबली. कारण सांगितलं असतं तरी काय झालं असतं? पन्नास पावलं पन्नासच राहिली असती.

एकोणीस दिवस आम्ही दगड उतरवले. मी लोकरीचा एक फेरा बुडवला, बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पोत्यातून ओतायचं नाही, असा त्याचा हट्ट. हातानेच एकेक ठेवायचा. पहिल्या दिवशी पहिला ठेवला तो लिनेओचा. वरचे दगड आधी उतरले म्हणून नव्या राशीत ते तळाशी गेले, आणि सगळ्यात खालचे सगळ्यात वर आले. शेवटच्या दिवशी खांबाच्या पायाशी एकच उरला. "हा तुझा," मालेफाने म्हणाला. मी म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणे, "त्या दिवशी बघत होतो." तो मीच उचलून नेला. जड नव्हता. पण खाली ठेवताना कमरेत कळ आली, ती अजून आहे.

पंधरवड्याने लिनेओचा फोन आला. "डोंगर बसला हो जागेवर! दाणा गेला!" ती अगदी आनंदात होती. "यादीतून काढणार नाहीत आता. तुम्ही वाचवलात खांब."

"बरं झालं, मे," तो म्हणाला. वहीत त्याने त्या दिवशीही शेवटच्या रकान्यात तेच दोन शब्द लिहिले, आणि या वेळी ते खरे होते.

हिवाळा गेला. लोकरीच्या दिवसांत वाट पुन्हा वाहती झाली. पण रास वळणावर, मग दोनशे पावलं चढून वर कोण जाणार? लोक खाली थांबत, वाकत, थुंकत, दगड टाकत आणि पुढे जात. मालेफाने वरून घोंगड्यांच्या रंगावरून माणसं ओळखायचा. हाक मारली तर वारा ती कड्याकडे नेई. तो खाली येऊन बसेल म्हटलं तर पेटीतल्या दिव्यांपासून फार वेळ दूर राहता येत नाही. एकदा आला, तर नेमका त्याच दुपारी एक दिवा विझला आणि मासेरूचा फोन वाजत राहिला. ती कोंबडीवाली बाईही एकदा खालूनच गेली. मला नंतर तो म्हणाला, तिच्याबरोबर एक माणूस होता. नवरा आला असावा. ते विचारायचं राहिलं.

मी मात्र प्रत्येक खेपेला वर जायचो. दोन वर्षं गेलो. गाढवं खाली सोडायचो आणि चढायचो. गप्पा त्याच, आरशांच्या, साहेबाच्या शिट्टीच्या. तो आता पूर्वीपेक्षा जास्त बोलायचा, मी उठलो की आणखी एक काढायचा. मला ते आवडायचं, मला गोष्ट संपलेली कधीच आवडत नाही.

मग तिसऱ्या वर्षी एक दिवस असा आला. लोकर जास्त, गाढवं थकलेली, पलीकडून काळे ढग चढत होते आणि माझे गुडघे सकाळपासून कुरकुरत होते. वळणावर आलो. दगड उचलला, थुंकलो, टाकला. वर बघितलं. तो दारात उभा होता, तपकिरी घोंगड्यात. मी ढगांकडे बोट दाखवलं, लोकरीकडे दाखवलं, गुडघ्यावर थापटून दाखवलं. त्याला कळलं असावं. त्याने हात वर केला.

मीही केला.

तो हात खाली घेईना. मग मी कसा घेणार? दोघंही तसेच उभे. तेवढ्यात गाढवं आपसूक पुढे निघाली, पहिल्याने उताराला वेग घेतला, आणि मला हात खाली घेऊन त्यांच्यामागे धावावं लागलं.